पत्त्यातला शेवटचा आकडा

४ जून

प्रिय पिल्या,

सत्तेचाळीस वर्षांच्या टकल्या माणसाला पिल्या म्हणताना मलाच लाजल्यासारखं होतं. पण तुझं खरं नाव मी फक्त तुझ्या लग्नपत्रिकेवर वाचलंय, आणि तेव्हाही ते कुणा परक्याचंच वाटलं होतं.

फोन न करता कागदावर लिहितेय, कारण सध्या माझ्या लॅबमध्ये भिंतींना नुसते कान नाहीत, चष्मेही आहेत. झालं ते असं. मे महिन्यात इथल्या एका शाळेने आपल्या सगळ्या शिक्षकांची रक्ततपासणी आमच्याकडे करून घेतली. एकवीस माणसं, एकाच सकाळी. त्यातल्या एका शिक्षिकाबाईंना कावीळ निघाली, 'ब' प्रकारची. ती शेजारी बसून पसरत नाही, वही तपासून पसरत नाही. माणसं ती घेऊन वर्षानुवर्षं कामं करतात. पण हे समजावून घ्यायला वेळ लागतो, आणि घाबरायला लागत नाही. तो रिपोर्ट फक्त त्यांनाच कळायला हवा होता. चार दिवसांत तो शाळेच्या शिपायापर्यंत पोचला. पालकांनी मुलं वर्गातून काढून नेली. शाळेने बाईंना 'विश्रांती घ्या' म्हणून सांगितलं. माणसाला घालवायचं असलं की आधी त्याच्या तब्येतीची काळजी करतात.

परवा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, मी रक्त तुम्हाला दिलं होतं. बाकीच्यांना कुणी दिलं?"

नावासकट रिपोर्ट बघणारी माणसं दोनच. मी, आणि काउंटरवरच्या बाई. बाई चौदा वर्षं माझ्याकडे आहेत. पण त्यांची जाऊ त्याच शाळेत कारकून आहे. आता तूच सांग, संशयाला यापेक्षा मोठी खुर्ची कुठे मिळणार?

बाईंचं म्हणणं वेगळंच आहे. म्हणतात, तू आमच्या लॅबसाठी बनवलेल्या साइटवर पेशंटने आपला रिपोर्ट उघडला की वरच्या पत्त्याच्या शेवटी त्याचा आकडा असतो, आणि तो बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो. मला तिथल्या तिथे करून दाखवायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. दुसऱ्याचे रिपोर्ट उघडून दाखवणं हाच मुळात गुन्हा, नाही का? ज्याने साइट बनवली त्यालाच विचारते, म्हटलं. तेव्हा विचारते. असं होऊ शकतं का? तुझं उत्तर आलं की बाईंचं काय करायचं ते ठरवीन.

ताई


११ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो, त्यामुळे सध्या फक्त कागदावर.)

तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर आधी देतो. आज सकाळी मी साइट स्वतः तपासली. पत्त्यातला आकडा बदलून पाहिला, एकदा नव्हे, तीसेक वेळा. दुसऱ्या कुणाचाही रिपोर्ट उघडत नाही. 'हा रिपोर्ट तुमचा नाही' अशी पाटी येते. तूही करून बघ. पाटीच येणार आहे, त्यामुळे त्यात गुन्हा वगैरे काही नाही.

बाकीचंही सांगतो. नावाच्या रकान्यात कुणी नावाऐवजी संगणकाला हुकूम लिहून पाठवला, तरी तो हुकूम पाळला जात नाही, नुसता मजकूर म्हणून जमा होतो. तुम्हा लॅबमधल्या लोकांचे पासवर्ड मी जसेच्या तसे ठेवत नाही. त्यांचा भुगा करून ठेवतो, आणि भुग्यावरून लाकूड परत जोडता येत नाही. पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला की दार अर्धा तास बंद. हे सगळं पहिल्या दिवसापासून आहे. पोरवयापासून आमच्या धंद्यात असलेली माणसंही इतकं करत नाहीत.

बाईंबद्दल मी काय बोलणार? फोनवर चांगल्या वाटतात. पण चांगलं वाटणं हा काही पुरावा नव्हे. निर्णय तुझा.

शिक्षिकाबाईंचं ऐकून वाईट वाटलं.

पिल्या


२० जून

प्रिय पिल्या,

तुझ्या पत्राने डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणजे एका डोक्यावरून उतरलं आणि दुसऱ्यावर गेलं.

सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आधी सगळ्यांना बोलावलं. रक्त घेणाऱ्या दोघी, यंत्रावरचा तंत्रज्ञ, सफाईच्या मावशी आणि रिपोर्ट पोचवणारे काका. कुजबुज चालू होती ना, म्हटलं होऊन जाऊ दे समोरासमोर. तुझं पत्र वाचून दाखवलं. मग बाईंना म्हटलं, आता दाखवा. त्यांनी पेशंट उघडतात तसा स्वतःच्याच रक्ताचा रिपोर्ट उघडला आणि शेवटचा आकडा बदलला. पाटी आली, हा रिपोर्ट तुमचा नाही. पुन्हा बदलला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी तंत्रज्ञ हसला. मग मावशीही हसल्या. बाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पाटी परवापरवापर्यंत नव्हती."

पिल्या, चौदा वर्षांत मी त्या बाईला खोटं बोलताना पकडलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस इतका गोंधळलेला दिसतो, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

एक राहिलं. जाताना म्हणाल्या की दोन वर्षांपूर्वी त्यांनी हेच तुला फोनवर सांगितलं होतं. असा काही फोन आला होता का? नसेल तर तसं लिही, म्हणजे फाइल बंद करते.

ताई


२ जुलै

ती. ताईस,

उत्तराला उशीर झाला. कामाचा ढीग होता, हे नेहमीचं कारण. ते नेहमी खरं असतं आणि कधीच कारण नसतं.

दोन वर्षांपूर्वीच्या फोनचं म्हणशील तर, दिवसाला तीस फोन येतात. आला नसेलच असं नाही, आलाच असेल असंही नाही. मला आठवत नाही.

पण ताई, चौदा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. एका चुकीसाठी, म्हणजे ती त्यांची असली तरी, इतकं करावं का? तू मोठ्या मनाची आहेस. समज देऊन परत घेता येणार नाही का? त्यांना दुसरीकडे कुठे काम मिळालं का? मुलं मोठी आहेत ना त्यांची? घर चालतं का नीट? जमलं तर कळव.

पिल्या


१५ जुलै

प्रिय पिल्या,

एका पत्रात चार वेळा बाईंची चौकशी! लहानपणी आपल्या अंगणात मांजराला दगड मारला होतास आणि मग तीन दिवस त्याच्यासाठी दूध ठेवत होतास, तसाच अजून आहेस. मन लोण्याचं, फक्त आधी दगड मारणं तेवढं सुटलं. परत घेणं जमायचं नाही. पेशंटची गुपितं ज्या हातातून गळतात, त्या हातात पुन्हा किल्ली देऊ?

विचारलंस म्हणून सांगते. बाई मागच्या आठवड्यात आल्या होत्या, कपाटाची किल्ली आणि पांढरा कोट द्यायला. कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता. मी वर मान केली नाही. तर म्हणाल्या, "डॉक्टर, मी रोज आठवून बघते. जेवायला उठताना माझी स्क्रीन उघडी राहिली असेल का? मला आठवत नाही. पण राहिली असेल. नाही तर कसं झालं असेल?"

त्या शिक्षिकाबाईंच्या घरीही गेल्या होत्या म्हणे, माफी मागायला. त्यांनी दाराची साखळी काढली नाही. बाई जिन्यात उभ्या राहून फटीतून 'माझ्यामुळे झालं असेल तर' असं म्हणाल्या आणि परत आल्या. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

असो. कामाचं बोलते. सतरा ऑगस्टला आमच्या डॉक्टरांच्या मंडळाची सभा आहे. या प्रकरणामुळे सगळेच हादरलेत. रुग्णांची माहिती सुरक्षित कशी ठेवावी यावर तू बोलावंस, असं मी ठरवून टाकलंय. तुझ्या साइटचं उदाहरण देता येईल.

ताई


२१ जुलै

ताई,

नमस्कार वगैरे पुन्हा कधी तरी.

बाईंचा फोन आला होता. गुरुवार होता, दुपारचे सव्वाबारा. म्हणाल्या, "साहेब, एका आजोबांना त्यांच्या मोबाइलवर रिपोर्ट उघडून देताना माझा शेवटचा आकडा चुकला, तर भलत्याच माणसाचा रिपोर्ट आला. असं व्हायला नको ना?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही पत्त्यात बोटं घालू नका. ते आमचं खातं." फोन ठेवला आणि प्रोग्राममध्ये त्या ओळीच्या वर टीप लिहिली: 'इथे मालकी तपासायची आहे. नंतर.' आमच्या धंद्यात 'नंतर' हा काळ नसतो, ते गोदाम असतं. तिथे ठेवलेलं परत आणायला कुणी जात नाही.

तुला समजेल असं सांगतो. कुणी रिपोर्ट मागितला की साइटने दारावर दोन प्रश्न विचारायचे असतात. तू कोण? आणि हा रिपोर्ट तुझाच कशावरून? प्रत्येक वेळी, प्रत्येकाला. तू म्हणाली होतीस, म्हातारी माणसं पासवर्ड विसरतात, पेशंटसाठी तो काढून टाक. मी काढला, आणि त्याच्याबरोबर दोन्ही प्रश्नही काढले, कारण ते वेगळ्या पद्धतीने विचारायचे तर आणखी दोन दिवस बसावं लागेल असं वाटलं. तेव्हापासून माझा दरवान फक्त 'कितवा?' एवढंच विचारत होता. आकडा सांगा आणि आत जा. आणि आकडे तर ओळीने होते.

तुझं पहिलं पत्र सात तारखेला मिळालं. आठला सकाळी मी ते भगदाड बुजवलं. चार ओळींचं काम. चहा गार व्हायच्या आत झालं. अकराला तुला पत्र लिहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. कुठे खोटं राहिलं नाही ना, हे मी तीनदा वाचून तपासलं होतं. तेवढ्या काळजीने एकदा प्रोग्राम वाचला असता, तर ते पत्र लिहावंच लागलं नसतं. दुसऱ्या पत्रात मात्र 'आठवत नाही' लिहिलं, ते साधं खोटं. तिथे कारागिरी नाही.

सर्व्हर आपली नोंदवही ठेवतो, कुणी काय कधी मागितलं याची. तेवीस मे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. शाळेच्या इंटरनेटवरून कुणी तरी आधी एक रिपोर्ट उघडला, मग ओळीने पुढचे-मागचे वीस. वीस मिनिटांत सगळी शाळा वाचून झाली. कोण, ते नोंदीवरून कळत नाही. बहुधा त्या एकविसातलंच कुणी तरी, आपला रिपोर्ट बघून झाल्यावर सहज शेजारी डोकावलं. बाई त्या वेळी तुझ्या काउंटरवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मशीनवरून एकही रिपोर्ट उघडलेला नाही. हेही नोंदीत आहे. मी हे आठ जूनलाच वाचलं होतं. पुसून टाकायला एक कळ पुरली असती. तीनदा त्या कळेवर बोट ठेवलं.

आणखी मागे गेलो. दोन वर्षांत, शाळेचे धरून, त्रेसष्ट जणांचे रिपोर्ट परक्यांनी उघडलेत.

हे मी आणखी महिनाभरही लिहिलं नसतं. पण माझा गुन्हा दुसरंच कुणी तरी मनापासून कबूल करून आलंय, दुसऱ्याच्या जिन्यात उभं राहून. हे वाचल्यावर जेवता येईना.

बाईंना सांग. ज्यांच्यासमोर काढलंस त्यांनाही सांग. नोंदींची प्रत सोबत जोडली आहे.

पिल्या


२६ जुलै

पिल्या,

पत्र वाचलं. मग दार लावून पुन्हा वाचलं. मग फाडलं.

शिव्या द्यायला बसले होते, पण पासवर्ड काढ म्हणून तुझ्या मागे मीच लागले होते. आणि बाई त्या दिवशी दाखवायला निघाल्या होत्या, तेव्हा त्यांचा हात धरणारी मीच. तेव्हा पाटी नव्हती. दोन मिनिटं गप्प बसले असते तर डोळ्यांनी दिसलं असतं. मला नियम आठवला. नियम मला नेहमी अशाच वेळी आठवतात.

आता ऐक. बाईंना मी परत बोलावते. गैरसमज झाला म्हणते. हा शब्द सोयीचा आहे, कुणाचा ते सांगावं लागत नाही. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलते, त्या शिक्षिकाबाईंना वर्ग परत मिळावा म्हणून. एवढं मी करीन. पण त्रेसष्ट लोकांना कळवायचं म्हणशील, तर चौसष्टावा माणूस माझी पायरी चढणार नाही. भगदाड बुजलंय ना? मग बुजलं. सभेला मात्र ये. नाही आलास तर लोक का म्हणून विचारतील.

ताई


१ ऑगस्ट

ताई,

'गैरसमज झाला' म्हणून बोलावलंस तर बाई येतील. कोट घालतील, आणि जन्मभर समजत राहतील की आपली स्क्रीन उघडी राहिली होती आणि डॉक्टरांनी मोठ्या मनाने पोटात घातलं. उपकार मानतील तुझे. ते तुला सहन होईल? मला होणार नाही.

तू फाडलेल्या पत्राची दुसरी प्रत मी आज बाईंना पाठवली. तुला न विचारता. रागाव.

सभेला येतो. उदाहरण माझ्या साइटचंच देईन.

पिल्या


२३ ऑगस्ट

साहेबांस नमस्कार.

तुमच्या पत्राची प्रत मिळाली. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं. पत्र वाचून मी दुपारी चार तास झोपले. जूनपासून तशी झोप लागली नव्हती. राग उठल्यावर आला.

डॉक्टरांनी बोलावलं. मी म्हटलं, त्या त्रेसष्ट जणांना कळवणार असाल तर येते. त्यांनी दोन दिवस मागितले आणि मग हो म्हणाल्या. पत्रांचा मजकूर त्या लिहिताहेत, पाकिटं मी लिहितेय. त्यातले बरेच जण मला चेहऱ्याने माहीत आहेत. काही जण ओरडून जातील, काही परत येणार नाहीत. डॉक्टर शाळेतही जाऊन आल्या. शिक्षिकाबाईंना अजून वर्ग मिळालेला नाही.

तुमचं भाषण ऐकायला मी आले होते. शेवटच्या रांगेत होते, तुम्ही मला ओळखत नाही. चांगलं बोललात. मला जेवढं समजलं तेवढं सगळं खरं होतं. दोन प्रश्नांचं आणि दरवानाचं सांगितलंत ते तर लहान मुलालाही कळलं असतं. शेवटी लोक उभे राहिले. माझ्या पुढचे एक डॉक्टर म्हणाले, असं चारचौघांत कबूल करायला छाती लागते. सभा संपल्यावर तिघांनी तुमचा नंबर घेतला, त्यांच्या साइट तपासून देण्यासाठी.

घरी येताना हिशेब लागेना. चूक तुमची, आणि टाळ्याही तुमच्याच. चौदा वर्षांत माझ्या हातून एकही रिपोर्ट चुकीच्या हातात गेला नाही, त्याला कुणी उभं राहिलं नव्हतं. त्यात भाषणात तुम्ही मला 'एक कर्मचारी' म्हणालात.

पत्रात तुम्ही माफीचं लिहिलेलं नाही, ते बरं केलंत. मागितली असती तर मला द्यावी लागली असती.

साहेब, त्या सभेत डॉक्टर सोडल्या तर मला कुणीच ओळखत नव्हतं, त्यामुळे माझी अब्रू तिथे गेली नव्हती. ती काउंटरसमोर गेली, पाच माणसांत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, पण डॉक्टर मालक आहेत. मालकाने सांगितलेलं माणसं ऐकतात, मानतात असं नाही. त्या दिवशी कागद तुमचा वाचला होता. तो खोडायचा तर तुम्हीच खोडायला हवा.

सोमवारी सकाळी साडेआठला ते पाचही जण तिथे असतात. नऊला दार उघडतं, त्याच्या आत या. दरवान वगैरे सांगू नका, भाषणाचे कागद आणू नका. बाई खरं बोलत होत्या, पाटी मी मागाहून लावली आणि लावली हे लपवलं, एवढंच म्हणा. तिथे टाळ्या वाजणार नाहीत. त्याच दिवशी दुपारी चारला शिक्षिकाबाईंकडे जायचं आहे. त्यांना मी विचारलंय. आत घेईन असं नाही, ऐकून घेईन, म्हणाल्या.

तुम्ही बोलत असताना मी काउंटरवरच असेन. तुमच्याकडे बघणार नाही. त्या पाच जणांकडे बघायचं आहे मला.

काउंटरवरच्या बाई